काखेतली बाटली, शीतलामातेच्या दिवशी

आई, काल मुरलीपुऱ्याच्या बाजारातून बाजरीचं पीठ आलं चाळीसचं, दही साठचं आणि बर्फ तीस रुपयांचा. आदल्या दिवशी रांधून दुसऱ्या दिवशी शिळं खायच्या या बास्योड्याच्या सामानात बर्फ आजवर कधी आला नव्हता, तो तुझ्या नातीसाठी आणला. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती, आता पीएचडी करते. काल दुपारी प्रयोगशाळेतून थर्माकोलचा डबा पोटाशी धरून आली. आत बोटाएवढ्या दोन बाटल्या, पाण्यासारख्या स्वच्छ. सुट्टीत तिथल्या फ्रिजचा भरवसा नाही म्हणून घरी आणल्या.

मी मॅट्रिक, मला कळलं तेवढं सांगते. आपलं तूप थंडीत गोठतं, उन्हात वितळतं. हिच्या पॉलिमरचं वळण उलटं. गार पाण्यात विरघळून दिसेनासं होतं आणि अंगाइतकी ऊब मिळाली की आपलं आपण गोळा होतं. एकाच लांब साखळीत दोन स्वभावांचे तुकडे जोडलेत म्हणे. एकाला पाणी कायम आवडतं, दुसऱ्याचं ऊब लागली की पाण्याशी बिनसतं. मग रुसलेले आत दडतात, दुसरे बाहेरून वेढून बसतात, आणि डोळ्याला न दिसणारी गोळी तयार होते. ती नॅनोकण म्हणते. कोणाला वळावी लागत नाही. पुढेमागे तिच्या पोटात औषध ठेवून ते दुखऱ्या जागीच सोडायचं. तुझ्या शेवटच्या दिवसांत सुई दंडात द्यायचे आणि आग सगळ्या अंगाची व्हायची, ते मला हे ऐकताना आठवत राहतं. पण वर्षभर हिचं पॉलिमर ऊब लागली की नासक्या दुधासारखं फाटतंय, चोथा तळाशी. सरांनी सांगितलंय, ही खेप फाटली तर विषय बदला. म्हणजे इतक्या वर्षांचं काम टाकून पुन्हा पहिल्यापासून.

आज सकाळी मी देवीला शिळा नैवेद्य दाखवते आहे, तोच पोरगी एक बाटली घेऊन मागे उभी.

"मम्मी, एक वाटी गरम पाणी दे ना. सोमवारपर्यंत नाही गं थांबवत."

"आज गॅस पेटायचा नाही."

"मतलब, गीझर?"

"गीझरही नाही. आज अंघोळसुद्धा गारच."

"तुझी देवी आणि माझे सर, दोघांनी मिळून ठरवलंय वाटतं."

मला तू दिसलीस. मी दहा-अकराची, चोरून चहा ठेवलाय, आणि तू चुलीवरून पातेलं उतरवतेस. "आज चुलीला सुट्टी आहे, तुझ्या जिभेलाही दे." शेजारच्या मारवाडी आजींकडून घेतलेलं हे व्रत, पण पाळलंस त्यांच्याहून कडक. इथलं पाणी पितो तर इथल्या देवीचा दिवस मोडायचा नाही, म्हणायचीस. तरी पोरीचा चेहरा बघून माझा हात एकदा लायटरकडे गेलाच.

मग विचारलं, "किती गरम हवं तुला?"

"जास्त नाही, अंगाइतकंच."

"मग अंग आहे की!"

ती हसायला लागली. "तुला ताप असेल तर सगळं चुकेल हं." पण झाकण घट्ट केलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं, आणि मी ती बाटली थर्मामीटरसारखी काखेत धरून देवापुढे बसले. गार इतकी की शहारा आला. तेवढ्यात शेजारच्या भाभीजी बाजरी-ताकाच्या राबडीची वाटी घेऊन आल्या.

"हाय राम, बुखार है क्या?"

"बुखार नहीं भाभीजी, बेटी की पढ़ाई है."

वाटी ठेवून त्या वळून वळून बघत गेल्या.

बाटली काढली तेव्हा पोरगी बघेना. मीच खिडकीशी धरली. दुधाचं भांडं विसळल्यावर पाण्याला निळसर झाक येते ना, तशी, वरपासून खालपर्यंत सारखी. तळाशी काही नाही. तिने ती माठाला टेकवून ठेवली, पुन्हा निव्वळ पाणी. पुन्हा माझ्या काखेत, पुन्हा निळसर. मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "मशीनवर आकार मोजल्याशिवाय काही खरं नाही," म्हणाली. "पण फाटलं नाही, मम्मी."

आता ती झोपलीय. मशीन काय म्हणेल ते सोमवारी. या पत्राला पत्ता नाही, हे मलाही कळतं. पण बाटली धरून बसले होते तेव्हा काय मागितलं ते दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. आज सगळं गाव त्या देवीकडे गारवा मागतं, लेकराबाळांची अंगं थंड राहोत म्हणून. आणि मी तिच्याच समोर बसून म्हणत होते, माते, माझ्या अंगाची ऊब कमी पडू देऊ नकोस. व्रत मोडलं का गं माझं? उलट टपाली कळव.