पायरीवरचा पाव

२ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबा परत आला. हो, ‘आला’च लिहिते. बेकरीत गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहिला, खोकत, काठी टेकत. पाव उलटा केला, बुडाला बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाला, अजून जरा भाजायला हवा होता. आईला आणि आपल्याला भट्टीसकट टाकून गेलेला माणूस मला भाजायला शिकवतो! तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरांनी हात टेकलेत म्हणे. मरण्याआधी त्याला चर्चमध्ये प्रभुभोजन घ्यायचंय. तिथे सगळी मंडळी एकाच पावातून खाते, आणि तो पाव माझ्या भट्टीतला. मी पाळकसाहेबांना सांगून टाकलं, या खेपेला पाव दुसरीकडून आणा. देवाने त्याला खुशाल माफ करावं, मला त्यात ओढू नये.

इथे सगळं ठीक, माझं डोकं सोडून. मुलांना पापे.

तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस, सप्रेम सलाम. वि. वि.

आधी सांग, पाव खरंच कच्चा होता का? बरं, चिडू नकोस.

तो गेला तेव्हा मी एवढासा होतो. आई गेल्यावर भट्टीपुढे तू उभी राहिलीस, मी नाही. तेव्हा मला बोलायचा हक्क नाही, तरी बोलतो. शेजारच्या वधस्तंभावर टांगलेल्या चोराला प्रभूने मरता मरता एका शब्दावर जवळ केलं. त्या चोराने ज्यांना लुबाडलं त्यांना कुणी विचारलं होतं का? तू माफ कर असं म्हणत नाही, पण पाव भाज.

रागावलीस तरी पत्र लिही, अबोला नको.

तुझा धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद. वि. वि.

दुरून डोंगर साजरे! मी भाजणार नव्हतेच. पण चर्चच्या कारभाऱ्यांनी ठरवलं की असल्या माणसाने दाराबाहेर राहावं. वर कारण काय दिलं? ताईंचाही विरोध आहे!

माझं डोकंच फिरलं. तो गेला तेव्हा यांच्यातला एकही आईच्या दारात फिरकला नाही, आणि आता माझ्या रागावर मालकी सांगतात? राग माझा आहे. देवाच्या मेजावर पहारा करायला यांना कुणी नेमलं? मलाही कुणी नेमलेलं नाही, हे तेव्हाच कळलं. मुळीच आवडलं नाही.

रविवारी पाव घेऊन गेले. बाबा पायरीवर बसलेला, कारभारी दारात उभे. मी म्हटलं, हा आत येणार नसेल तर पावही आत येणार नाही. आणि बसले बाबाच्या शेजारी, पाव मांडीवर घेऊन. गाणं संपलं तरी कुणी हलेना. शेवटी पाळकसाहेब झग्यासकट बाहेर आले, पायरीवरच बसले, प्रार्थना केली आणि पाव मोडला. पहिला तुकडा बाबाला दिला. मग मंडळी एकेक करून बाहेर आली. कारभारी सगळ्यात शेवटी आले, पण आले.

मी माफ केलेलं नाही, नीट ध्यानात ठेव. देवाने केलंय, मला न विचारता, आणि यावरून माझं त्याच्याशी रोज भांडण चालू आहे. तू लवकर ये. माझ्या बाजूने बोलायला कुणीतरी हवं. लोभ आहेच, तो घेऊन ये.

तुझी ताई

ता. क. पाव मोडण्याआधी बाबाने बुडाला टकटक केली. खोट काढली नाही, नुसता रडला. म्हणजे नीट भाजला होता. आता तो माझ्या मागच्या खोलीत झोपलाय, भट्टीची ऊब लागते तिथे. माफ केलेलं नाही म्हटलं ना!