आतल्या कडेची मोकळी जागा

सोमवार, ४. पहाटे.
पाऊस चालूच. ट्रॅकवर चिखल. आजपासून रोज लिहायचं. नामांकित ट्रेनर मंडळी लिहितात म्हणे.

मुख्य मुद्दा. महिनाअखेरीस मोठी शर्यत. त्यात टिकली पळणार. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. शिंगरू होती तेव्हापासून माझ्या तबेल्यात आहे. घोडी मालकीणबाईंची, पण माझं खाकरणंसुद्धा ओळखते.

शेजारचा तबेला जावयाचा. घोड्याचे खूर कसे साफ करायचे हे माझ्याकडे शिकला, मग माझी मुलगी मागितली, मग शेजारीच तबेला थाटला. मालकीणबाईंचे बाकीचे घोडे एकेक करून तिकडे सरकले. टिकली तेवढी राहिली. काल बाईंचा फोन : "शुक्रवारी येते. घोडी पळताना बघते, मग कुणाकडे ठेवायची ते ठरवू."

त्यात ठरवायचं काय? मला हेवा वगैरे वाटत नाही. नुसती नोंद केली.

मंगळवार, ५.
जावई रोज सकाळी ट्रॅकवर फिरतो. हातात काठी. जागोजागी खुपसतो, किती आत गेली ते बघतो. केक झाला की नाही ते बघावं तसं. बाकीचे ट्रेनर कुंपणाला टेकून त्याची वाट बघत उभे. तो मान हलवतो. हेही हलवतात.

मला म्हणाला, मामा, वर लोणी झालंय आणि खाली टणक आहे. पाय आधी घसरतो, मग रुततो. नस जायला तेवढं पुरे. दोन-तीन दिवस शेडमध्ये नुसतं चालवू या.

चालवू या! शर्यतीचे घोडे आहेत की घाण्याचे बैल?

घरी सांगितलं. ही म्हणाली, "बरोबर बोलतोय तो." वर त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणून तयार. पावसात उभा असतो ना पोर! मी काय छत्रीच्या दुकानात उभा असतो?

बुधवार, ६.
पाऊस जरा कमी. काहींनी घोडे बाहेर काढले. सगळे ट्रॅकच्या बाहेरच्या कडेने, रमतगमत. जावयाने त्यांच्या डोक्यात भरवलंय की ट्रॅकला आत उतार आहे, पाणी सगळं आतल्या रेलिंगपाशी मुरतं. शाळेची सहल निघावी तशी रांग त्याच्यामागे.

आणि आतली कडा? पूर्ण मोकळी! चिटपाखरू नाही. अंतरही कमी. म्हणजे वेळ आपोआप चांगली लागणार. एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात येऊ नये? अनुभव लागतो.

ट्रॅकवाल्याने तिथे पिंपं मांडून ठेवलीत. पण दोन पिंपांमधून घोडी आरामात जाते. मी नजरेने मोजलं.

गुरुवार, ७.
आमच्या जॉकीला बेत सांगितला. अंगाने काडी, म्हणून नावही काडी. म्हणाला, "काका, तिथे पिंपं आहेत."
म्हटलं, मला दिसतात.
"उगाच नसतात ठेवलेली."
म्हटलं, तू नोकरीला माझ्याकडे आहेस की जावयाकडे?
"अजून तुमच्याकडे."
त्याचं ते 'अजून' मला आवडलेलं नाही. शर्यतीनंतर बोलायचं.

टिकलीला आज गाजर जास्त दिलं. तिला सांगितलं, उद्या दाखवून दे त्याला. तिने कान हलवले. तयार आहे.

शुक्रवार, ८. सकाळ.
मालकीणबाई आल्या. छत्री जावयाने धरली. असल्या गोष्टीत त्याचा हात कोणी धरणार नाही. नंतर माझ्याकडे येऊन सगळ्यांदेखत म्हणतो, "मामा, आज नको. तुमच्या पाया पडतो." टिकलीची वेळ त्याच्या घोड्यांपेक्षा चांगली लागेल ही धास्ती. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

मी काडीला खूण केली.

सुरुवात झकास. टिकली पिंपांमधून सुळकन गेली. जावयाचा तर आ वासलेला. (हीसुद्धा बघायला आली होती. म्हणते, तो ओरडत होता. वारा उलटा होता, मला काय ऐकू येणार.) वळणावर घोडी जराशी खचली. अंधारात एक पायरी चुकावी तशी. काडीने लगाम ओढला आणि उडी मारून खाली उतरला. कुणी सांगितलं होतं थांबायला?

घड्याळ माझ्या हातात चालूच राहिलं. नाहीतर आज विक्रम झाला असता.

तोच दिवस, संध्याकाळ.
पुढच्या डाव्या पायाला, नळीच्या हाडामागे, हात लावला तर थोडं गरम. किंचित सूज. माशी चावली असावी. काडी म्हणाला, पावसात माशी? मी म्हटलं, माश्यांना काय घर नसतं, कुठून तरी येतातच. पट्टी बांधली. सकाळपर्यंत उतरेल.

शनिवार, ९.
उतरली नाही. टिकली पाय टेकत नाही.

डॉक्टरांनी यंत्र लावून बघितलं. नस फाटलीय. पूर्ण नाही, पण फाटलीय. ही शर्यत विसरा म्हणाले, कित्येक महिने आराम, मग बघू. मी विचारलं, पट्टी घट्ट झाली असेल का? त्यांनी यंत्र पेटीत भरलं.

मालकीणबाईंनी जावयाला एवढंच विचारलं, तुमच्याकडे जागा आहे ना? मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याबद्दल बोलला तो जावई. म्हणे, ओल्या ट्रॅकवर कुणाच्याही घोड्याला झालं असतं हो, मामांचा दोष नाही.

त्याला कोणी वकीलपत्र दिलं होतं? घोडे घेतले, मुलगी घेतली, मोजे घेतले. निदान दोष तरी माझ्याकडे राहू द्यायचा. तिथेही ह्याचाच मोठेपणा.

दुपारी टिकली तिकडे गेली. त्याच्याकडे पायावर गार पाणी सोडायची सोय आहे. दारापर्यंत मीच नेली. लंगडत होती, म्हणून मीही सावकाश चाललो. दोर त्याच्या हातात दिला. म्हणजे त्याने घेतला. म्हणजे दिला.

रात्री हिने माझं ताट वाढलं आणि स्वतः आत जाऊन जेवली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

रविवार, १०.
दिवसभर विचार केला. दोष जमिनीचा नाही. काडीचं वजन एका बाजूला गेलं असणार. आतली कडा उत्तम आहे हे सिद्ध करता येईल. उद्या सकाळी सगळ्यांसमोर मी स्वतः त्या कडेने जाणार. माझ्यासारखा भरल्या अंगाचा माणूस तिथून सुखरूप गेला की सगळ्यांची तोंडं बंद. मग टिकली परत आणायची.

सोमवार, ११. बिछान्यातून.
गमबूट घालून गेलो. बाहेरच्या कडेला सगळी ट्रेनर मंडळी जमलेली. चहाचे कप हातात. बरंच झालं, साक्षीदार हवेच होते.

थोडं चाललो. काही झालं नाही. मग वाटलं, नुसतं चालून काय सिद्ध होणार? पळालो. उजवा बूट तिथेच राहिला. मी पुढे गेलो. मग घोटा एकीकडे आणि मी दुसरीकडे.

पहिल्यांदा पोचला तो जावई. काठीने जमीन चाचपत, जपून. सासरा चिखलात आडवा आणि ह्याची काठी सुटत नाही!

टिकलीला बघायला आलेले डॉक्टर तिथेच होते. म्हणाले, "माणसांचं मी बघत नाही. पण नस दुखावलीय." गार पाणी, आराम, मग हळूहळू चालवायचं.

कोणाला चालवायचं, असं मी विचारलं. डॉक्टर पेटी उचलून टिकलीकडे गेले.

मंगळवार, १२.
घरच्या नळाला नीट धार नाही, असं मी हिला सांगितलं. म्हणून जावयाच्या तबेल्यात येऊन बसलोय. टिकलीच्या शेजारी, स्टुलावर, पाय बादलीत. हिने मोज्याचा नवा जोड दिलाय. एकच मोजा घालता येतो.

टिकलीने माझ्या खांद्यावर नाक ठेवलं. मी तिला म्हटलं, जागा मोकळी दिसत होती गं. ती माझ्या मानेवर फुरफुरली.

पाण्याची नळी एकच आहे. जावयाने आधी तिच्या पायावर धार धरली. किती तरी वेळ. नस चाचपली, पुन्हा धार धरली, तिच्याशी गोड गोड बोलला. मी बादलीतलं कोमट झालेलं पाणी ढवळत बसलो. शेवटी म्हणालो, अहो जावईबापू, मी सासरा आहे, आधी माझा नंबर.

वर न बघता म्हणाला, "थांबा ना मामा. तिला पुढच्या वर्षी पळायचंय."

मला पुढच्या वर्षी कुठे पळायचंय! मी स्टूल जरा मागे सरकवलं, तिला जागा मोकळी झाली.