जहाजाचे चार, आपले तीन

फॅल्मथ, जमैका
मंगळवार, २२ जुलै

प्रिय नॉव्हलेट,

तुझं पत्र काल मिळालं. चौदा ऑगस्टला तू येतेस, आईच्या कबरीवर दगड बसवून घ्यायचाय, हे वाचून बरं वाटलं. पुढे तू लिहिलंस, "विमानतळावर न्यायला एखादा जबाबदार ड्रायव्हर बघून ठेव, लिनव्हल नको." त्या 'नको'खाली दोन रेघा ओढल्यास, आणि कागद तिथे फाटलाय. कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो तेव्हाही तू रागावलीस की पेनचं टोक मोडायचीस. सत्तरी आली तरी सवय गेली नाही. ड्रायव्हरचं शेवटी सांगते. आधी इथे काय घडलं ते तुला नीट कळायला हवं, कारण आजवर तुला जे कळलंय ते माझ्याच तोंडून, फोनवर.

लिनव्हलचा बंदराचा पास अजून अडकलेलाच आहे. बावीस वर्षं ज्या फाटकातून आत जाऊन तो पाहुण्यांना गाडीत बसवायचा, त्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडच्या बदामाच्या झाडाखाली तो आता उभा असतो. जहाज लागलं की पासवाले आत जातात आणि बिनपासवाले बाहेरून हाका मारतात. तुझा धाकटा भाऊ हाकाही मारत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून नुसता उभा राहतो, जणू कुणी ओळखीचं येणार आहे. येत्या शुक्रवारी ड्रायव्हरांच्या कमिटीसमोर शेवटची सुनावणी आहे. पास मिळाला तर मिळाला, नाहीतर कायमचा गेला.

मला सगळ्यात जास्त चीड जहाजवाल्यांची येते. त्यांच्याकडून सहल घेतली आणि बस उशिरा आली, तर जहाज आजारी मुलासाठी थांबावं तसं थांबतं. आमच्या माणसाची गाडी घेतली की मात्र एक मिनिटही नाही. वर प्रत्येक प्रवाशाला बजावून ठेवतात, की बाहेरच्या ड्रायव्हरबरोबर जाल तर जबाबदारी तुमची. बाहेरचा! ज्याचा पणजोबा याच धक्क्यावर साखरेची पोती वाहत होता तो बाहेरचा, आणि सकाळी आठला येऊन संध्याकाळच्या आत निघून जाणारं तरंगतं हॉटेल घरचं! हे सगळं मी महिनाभर ज्याला त्याला ऐकवतेय. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही. खरं आहे ते, शब्द न् शब्द खरा आहे. पण नॉव्हलेट, खरं बोलत राहणं ही लपण्याची फार चांगली जागा असते, हे मला या वयात कळलं.

तुला माहीत आहे, मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून लिनव्हलची पत्रं मीच लिहिते. अमेरिकेतून, कॅनडातून लोक महिनाभर आधी त्याची गाडी ठरवतात. त्यांना उत्तरं मी देते. तो स्वतः लिहायचा तेव्हा ते वाचवत नसे. क्रियापदाचा पत्ता नाही, सगळी मोठी अक्षरं, शेवटी देवाचा आशीर्वाद. मी ते सगळं धुऊन इस्त्री केलं. लोक उलट लिहायला लागले, की तुमची भाषा किती सुंदर आहे. तो ते मला वाचून दाखवायला लावायचा आणि म्हणायचा, "टीचर, गाडी मी चालवतो पण गिऱ्हाईक तुम्ही आणता." मी वर्गात त्याला किती वेळा भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं! आणि आता त्याच्याच कौतुकाची वाट बघत बसायची.

त्याच्या जुन्या पत्रात शेवटी एक ओळ असायची. इंग्रजीत म्हणावी की नाही अशी ती ओळ, तिचा अर्थ एवढाच: टाइम जहाजाचा का आमचा? मी ती पहिल्याच दिवशी खोडली. तो म्हणाला, "टीचर, ती राहू द्या. बाकी काहीही काढा." मी त्याला सिस्टर फिलोमिनाचं वाक्य ऐकवलं, तुला आठवतच असेल, उशिरा येणाऱ्या मुलींच्या तळहातावर पट्टी मारताना ती म्हणायची: वेळ ना तुझी ना माझी, वेळ देवाची. मी म्हटलं, "वेळेला मालक नसतो, लिनव्हल. जहाज किती वाजता सुटतं असं विचारतात सभ्य माणसं." तो डोकं खाजवत हसला. म्हणाला, "देवाची असेल टीचर, पण कॅप्टनला ते कुणी सांगितलेलं नाही."

तू टोरांटोहून उन्हाळ्यात फोन करतेस तेव्हा दर वेळी एका तासाने चुकतेस, कारण तुमची घड्याळं पुढे जातात आणि आमची जागच्या जागी राहतात. फ्लोरिडातून सुटणारी जहाजं तो पुढचा तास बरोबर घेऊन येतात. काही जहाजं इथे आल्यावर काटे मागे करतात, काही करत नाहीत. ज्याचं त्याला विचारावं लागतं. म्हणून लिनव्हल दोन्ही मनगटांवर घड्याळं घालायचा, डाव्यावर आपलं, उजव्यावर जहाजाचं. सगळं बंदर त्याला त्यावरून चिडवायचं. "लिनव्हल, तिसरं कुठे बांधलंस, पायात?" सगळ्यात जास्त मी हसायचे.

मे महिन्यात अटलांटाहून एका मिस्टर डॉसनचं पत्र आलं. वय एक्क्याऐंशी. त्यांची आई आपल्याकडची, वर डोंगरातल्या वेट-अ-बिटची. ती लहानपणी बोटीने निघून गेली आणि परत कधी आली नाही, पण तिच्या आईची, म्हणजे मिस्टर डॉसनच्या आजीची कबर तिथेच आहे म्हणे. जहाजाच्या सहली धबधब्यावर जातात, नदीत बांबूच्या तराफ्यावर बसवतात. कबरीवर कोण नेणार? म्हणून त्यांना स्वतःची गाडी हवी होती. पत्र इतकं शुद्ध, इतकं अदबीचं, की मी दोनदा मोठ्याने वाचलं. शेवटी लिहिलं होतं, चारच्या आत जहाजावर परतायला हवं. अशा माणसाला मी काय विचारणार होते, टाइम जहाजाचा का आमचा? मी विचारलं नाही. नॉव्हलेट, मी विसरले नव्हते. मला लाज वाटली.

सतरा जूनला, मिस्टर डॉसनचं जहाज लागायच्या दिवशी, सकाळी सातला लिनव्हल माझ्या ओट्यावर आला. मी त्याला चहा आणि तळलेलं केळं दिलं. त्याने मिस्टर डॉसनचं पत्र बघितलं आणि विचारलं, "टीचर, हे चार आपले की त्यांचे? विचारलंत ना?" मी म्हटलं, "विचारलं. आपले." एवढे दोनच शब्द. तेही इतक्या सहज, की शेजारच्या खुर्चीत सिस्टर फिलोमिना बसली असती तरी तिला संशय आला नसता. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, इथे येऊन इथलंच घड्याळ धरेल, आणखी कुठलं? तरी त्याने उजवं मनगट वर केलं, सवयीने. तेव्हा मी आणखी एक गोष्ट केली. म्हटलं, "काढ ते दुसरं. सभ्य माणूस आहे तो, त्याच्यापुढे घड्याळं विकणाऱ्यासारखा उभा राहू नकोस." त्याने हसत हसत घड्याळ काढलं आणि माझ्या काचेच्या कपाटावर ठेवलं. म्हणाला, "ठेवा. संध्याकाळी नेतो."

कबर सापडली. गावातल्या एका म्हातारीने दाखवली, रताळ्याच्या वेलांखाली दडलेली. मिस्टर डॉसन आणि त्यांची मुलगी तिथे गुडघ्यांवर बसून वेल उपटत होते, लिनव्हलने डिकीतून कोयता काढून मदत केली. मिस्टर डॉसनच्या मनगटावरच्या घड्याळात दोन वाजत आले होते, तेव्हा ते म्हणाले, आता निघायला हवं. मुलीने फोन दाखवला. "बाबा, तुमचं घड्याळ पुन्हा पुढे गेलं, आता कुठे एक वाजतोय." तिचा फोन इथे उतरल्याबरोबर आपली वेळ दाखवायला लागला होता. लिनव्हलने डाव्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाला, "वेळ आहे, सर. या गावाचं नावच 'जरा थांब'." ही मुलगी फोनवर विसंबली, हा मुद्दा मी महिनाभर ढालीसारखा पुढे धरलाय. पण तिने फोनवर विश्वास ठेवला, आणि लिनव्हलने माझ्यावर. फोन खोटं बोलला नव्हता.

ते धक्क्यावर आले तेव्हा आपले साडेतीन व्हायला पाच मिनिटं होती. अर्धा तास हातात, असं लिनव्हल धरून चालला होता. जहाजावर साडेचार होत आले होते. शिडी वर घेतलेली, दोर सुटलेले. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस त्या उन्हात धावला, नॉव्हलेट. मुलगी पुढे, लिनव्हल त्यांचा दंड धरून बरोबर. आणि वर प्रत्येक मजल्याच्या कठड्याला माणसं उभी होती, हातात पेले घेऊन. ती टाळ्या वाजवत होती. शर्यतीत घोड्याला देतात तसं ओरडून प्रोत्साहन देत होती, फोनवर चित्रीकरण करत होती. जहाज वीस हात, पन्नास हात दूर गेलं तसा तो आवाज मोठाच होत गेला. मिस्टर डॉसनची हृदयाची औषधं केबिनमध्ये होती. ते धक्क्यावर खाली बसले. लिनव्हलने त्यांना उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं आणि ते दोन दिवस तिथे होते तोवर त्यांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसला. ते सुखरूप घरी गेले. तक्रार त्यांनी केलीच नाही. चित्रीकरण बघून बंदरवाल्यांनी स्वतःच पास काढून घेतला.

जहाज सुटलं त्याच संध्याकाळी तू फोन केलास. चित्रीकरण तुझ्यापर्यंत पोचलं होतं. तू विचारलंस, "आयसिल्डा, हा मूर्खपणा झाला कसा?" मी म्हटलं, "वेळेचं भान राहिलं नसेल. तुला माहीत आहे तो कसा आहे." तुला माहीत आहे तो कसा आहे! हे मी बोलले, ज्याच्या दोन मनगटांवर दोन घड्याळं असायची त्याच्याबद्दल. त्यावरून तू त्याला काय काय बोललीस ते मला त्याने सांगितलं नाही, तुझ्या पत्रावरून कळलं. बाजारातली मिस चेरी, ती कसाव्याच्या भाकऱ्या विकते, मला सगळ्यांदेखत म्हणाली, "काय टीचर, तुमच्या लिनव्हलला घड्याळ वाचता येत नाही म्हणे. शाळेत शिकवलं कुणी त्याला?" बायका खो खो हसल्या. मी तिच्या भाकऱ्या जाड असतात एवढंच बोलून निघाले.

पहिली सुनावणी दोन जुलैला झाली. मी हॅट घालून दुसऱ्या रांगेत बसले होते. सगळ्यांना वाटलं, किती निष्ठावान बाई. अध्यक्ष फेगनने विचारलं, "तुझी दोन घड्याळं सगळ्या बंदराला ठाऊक आहेत. त्या दिवशी एक कुठे होतं? आणि जहाजाची वेळ तुला कुणी सांगितली?" लिनव्हलने माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर लोकांना कळलं असतं. म्हणाला, "चूक माझी, साहेब. घड्याळ घरी राहिलं." फेगन म्हणाला, "बावीस वर्षांत नाही राहिलं ते?" त्याने पुन्हा तेच सांगितलं. मी चाळीस वर्षं वर्गात ओरडले, "ज्याने केलं असेल त्याने हात वर करावा." माझा हात मांडीवरच्या पर्सखाली होता. बाहेर आल्यावर त्याने मला घरी सोडू का असं विचारलं, आणि मी बसले त्याच्या गाडीत. त्याला अजून वाटतं की मी विचारलं होतं आणि पाहुण्यांनी उत्तर चुकीचं दिलं. माझं नाव घेतलं तर म्हातारपणी टीचरची फजिती होईल, म्हणून तो गप्प आहे. त्यानंतरच्या शनिवारी मी फादरपुढे पापकबुली दिली. रागाची. बाजारात मिस चेरीला टाकून बोलले त्याची. तीन प्रार्थनांवर सुटले.

तर आता ड्रायव्हरचं. दुसरा ड्रायव्हर मी शोधणार नाही. चौदा तारखेला लिनव्हलच तुला न्यायला येईल, पास असो वा नसो, आणि गाडीत बसण्याआधी तुला त्याची माफी मागावी लागेल, कारण माझ्या शब्दावर तू त्याला बोललीस. हे मी फोनवर सांगू शकले असते. पण तोंडून गेलेला शब्द मी फिरवते, फिरवत आलेय. पोस्टात पडलेला मला फिरवता येत नाही. आज मंगळवार. हे पत्र आत्ता जाऊन टाकते. तुला ते मिळेपर्यंत शुक्रवार होऊन गेलेला असेल. त्याचं घड्याळ अजून माझ्या कपाटावर आहे; तो न्यायला आला नाही आणि मी दिलं नाही. एक तास पुढे चालतंय बिचारं, बरोबर. शुक्रवारी ते उजव्या मनगटावर बांधून मी कमिटीपुढे उभी राहणार आहे, आणि फेगनने विचारायच्या आधी हात वर करणार आहे. मी तो केला की नाही, हे मला विचारू नकोस. मी काय सांगेन याचा भरवसा नाही. लिनव्हलला विचार.

तुझीच, अजूनही म्हणू दिलंस तर,
आयसिल्डा