गळलेल्या एका अक्षराची वाटणी

एका तपासणीचा खरा खर्च आधी लिहून ठेवतो. माझ्या दंडातले चमचाभर रक्त, मी सुईला घाबरतो हे सुनेसमोर उघडे पडले ते वेगळे, आणि सख्ख्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, महिनाभर अबोला. पैसे लागले ते धरत नाही. त्या तपासणीतून जे हाती आले त्यावरच पुढची वाटणी उभी आहे.

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा पाण्याचे पंप व मोटारी दुरुस्त करणे, डोके ताळ्यावर असताना, कोणी बखोटीला धरलेले नसताना आणि कोणाची भीड न बाळगता हे लिहून ठेवीत आहे. डोके ताळ्यावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ताईला तोही पटणार नाही. यापूर्वी मी असे काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

माझे सर्व काही स्वकष्टार्जित आहे, म्हणजे कानांच्या जोरावर मिळवलेले. लाकडी दांड्याचे एक टोक चालू मोटारीला लावायचे, दुसरे कानाला, की आत कोणते बेअरिंग रडते आहे ते मी न उघडता सांगतो. गिऱ्हाईक फाटकाशी आले की स्कूटरच्या आवाजावरून ओळखतो. या घरात कोणी कुजबुजले आणि माझ्या कानावरून निसटले, असे आजतागायत झालेले नाही. वडिलोपार्जित एकच गोष्ट माझ्याकडे निघाली, ती कलम तीनमध्ये येईल.

कलम एक. कारखाना, लेथ, वाइंडिंगचे यंत्र, सगळे पान्हे आणि तो दांडा माझ्या मुलाला. त्याला मोटार ऐकायची घाई असते, पण गिऱ्हाइकाला तो खोटे सांगत नाही, तेवढ्यावर धंदा चालतो. कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रींना त्यांची मर्जी असेपर्यंत कामावर ठेवावे. समोरच्या रंगाच्या दुकानदाराने नेलेली शिडी परत मागावी. मी मागायला गेलो की तो चहा पाजतो आणि मी विसरून येतो. मुलाने चहा न घेता मागावी.

कलम दोन. यात वाटणी नाही, हकीकत आहे. ती नसली तर पुढचे कोणी मान्य करणार नाही.

माझी नात, जिला आम्ही ठिणगी म्हणतो, जन्मापासून बहिरी आहे. ते कळायला आम्हाला दीड वर्ष लागले, आणि त्याला कारण आमचा धंदा. आम्ही तिचा कान कारखान्याच्या पद्धतीने तपासला. तिला कामाच्या टेबलावर बसवायचे आणि मागे, त्याच टेबलावर ठेवलेल्या लोखंडी पट्टीवर हातोडी मारायची. पोर दचकून वळायची. ताई म्हणायची, "बघा, आपल्या घराण्याचा कान!" हादरा फळीतून तिच्या बुडाला लागत होता, हे मोटारींच्या थरथरीवर पोट भरणाऱ्या मी, मुलगा आणि ताई अशा आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. दुसऱ्या घरी नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या आणि महिन्याभरात कळले असते.

सून सांगत होती, "बाबा, मी हाक मारते तेव्हा ती बघत नाही हो."

"हाक मारायची पण एक पद्धत असते," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी निदान सांगितले त्या संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात मुलाला हळूच म्हणाली, "आपल्याकडे असलं कधी झालेलं नाही. हे तिच्या माहेरचं. तू अजून तरुण आहेस, दुसरा विचार कर." मी माडीवर होतो, तरी ऐकले. जिन्यात उभ्या असलेल्या सुनेनेही ऐकले. मुलगा माठातून तांब्या भरत राहिला. सुनेने बॅग भरली. दोन दिवसांनी ती बॅग मुलाने स्वतःच्या हाताने रिकामी केली, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

कलम तीन. मग आम्ही जनुकांच्या तपासणी केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला कळेल असे सांगितले. माणसाच्या पेशीपेशीत डीएनएचा लांबलचक मजकूर असतो, आणि तो चारच अक्षरांत लिहिलेला असतो. प्रत्येक पानाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. कानाच्या एका पानावर एक अक्षर गळले आहे. एकाच प्रतीत गळले तर दुसऱ्या प्रतीवर काम भागते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. दोन्ही प्रतींत गळले की ऐकू येत नाही. ठिणगीच्या दोन्हींत गळलेले आहे, म्हणजे एक प्रत सुनेकडून आणि एक आमच्या मुलाकडून.

ताईने घरी येऊन निकाल दिला. "मग पोराला ते त्याच्या आईकडून आलं असणार."

माझी बायको जाऊन नऊ वर्षे झाली. आधी सून, आता ती. जिला उत्तर देता येत नाही तिच्या नावावर हे खपवू द्यायचे नाही, म्हणून मी दंड पुढे केला. अहवाल आला. तेच पान, तेच अक्षर, माझ्या एका प्रतीत गळलेले.

"तुझे कान तर शाबूत आहेत!" ताई म्हणाली.

"दुसऱ्या प्रतीवर चाललेत, ताई."

तिथून अबोला.

मी डॉक्टरीणबाईंना विचारले होते, "मग चूक नेमकी कोणाची?" त्या म्हणाल्या, "नकलताना पडलेली चूक आहे, काका, कित्येक पिढ्यांपूर्वीची. आणि मजकूर नकलताना चुका पडल्याच नसत्या, तर तुम्ही-आम्ही अजून पाण्यावरचा तवंग असतो." कानातली दोन बारीक हाडे कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जबड्यात होती, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे ताईचे तोंड आणि माझे कान एकाच कारखान्यातले. माझे रक्त संशोधनासाठी ठेवू का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हटले. जळलेली मोटार मीही फेकत नाही, पुढची उघडताना ती उपयोगी पडते.

यास्तव हे घर, माडीसह, माझ्या सुनेच्या एकटीच्या नावे. तिच्यानंतर ठिणगीच्या. तिला इथून जा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "चालेल, बाबा. तसंही घरात तिचंच चालतं."

कलम चार. तळमजल्यावरची उजेडाची खोली ताईला, तहहयात, बिनभाड्याने, बिनशर्त. सूनबाई, ही माझी विनंती आहे. ताईने लोकांची धुणी धुऊन मला वाइंडिंग शिकायला पाठवले. वर स्वकष्टार्जित लिहिले आहे, त्यात तिचे कष्ट धरावेत. ताई, ते अक्षर तुझ्यातही गळलेले असण्याचा संभव निम्मा आहे. तपासून घे असे मी म्हणणार नाही.

अबोला तिनेच सोडला. चहा घेऊन वर आली आणि म्हणाली, "अरे, मग आपल्याला आईकडून की बाबांकडून?"

"ते विचारायला कुणी राहिलं नाही, ताई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि बशीत चहा ओतून दिला. हल्ली ती ठिणगीला 'जेवलीस का' हे खुणेने विचारते. खूण चुकते, ठिणगी हसते, ताई पुन्हा तशीच चुकीची करते.

कलम पाच. बँकेतली सर्व शिल्लक ठिणगीच्या शिक्षणासाठी, सुनेच्या देखरेखीखाली. ऐकू येत नाही म्हणून ही तळहाताने मोटारी ओळखेल, असे कारखान्यात येणारा जो तो म्हणतो. मी तिचा हात मोटारीवर ठेवून पाहिला. तिने तो माझ्या सदऱ्याला पुसला आणि खुणेने सांगितले, "तेलकट." तिला केक करायचे आहेत. तेच शिकवावे. तपासणीचा अहवाल मोठेपणी तिच्या हाती द्यावा. तो कोणाला दाखवायचा हे ती ठरवेल, घरातल्या कोणी तो नाचवू नये.

हे सर्व मी समजून, राजीखुशीने लिहून ठेवले आहे.

सही: पंपवाले
साक्षीदार एक: मिस्त्री
साक्षीदार दोन: शेजारचे कुलूपवाले
ठिकाण: कारखान्यावरची माडी
दिनांक: चौदा जून

वकिलांची नोंद: वरील मजकूर मी लिहून देणारांस दोन्ही साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी प्रत्येक कलमाला मान डोलावली. त्यानंतर त्यांच्या नातीने खुणेने दाखवून दिले की, आजोबांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी सकाळपासून संपलेली आहे. बॅटरी बदलून सर्व मजकूर पुन्हा वाचला.