घुमीच्या नावापुढची चांदणी

३ मार्च
शाळेने नवीनच काढलंय! जो चांगला वागेल त्याला चांदणी. व्हरांड्याच्या भिंतीवर दुसरीतल्या सगळ्या मुलांची नावं लावलीत, पुढे सोनेरी कागदाच्या चांदण्या चिकटवणार. आमच्या वेळी चांगलं वागून काही मिळत नसे, फक्त मार चुकायचा. तोही नेहमी नाही. म्हणून तर मी चौथीत शाळेला रामराम ठोकला.
नातीला सोडायला गेलो तेव्हा नावं वाचली. चष्मा असूनही वेळ लागला.

६ मार्च
इतरांच्या चांदण्या वाढताहेत. आमच्या घुमीच्या नावापुढे नुसती भिंत. घरात तिला घुमीच म्हणतात, दिवसाकाठी चार शब्द बोलली तर पुष्कळ.
एक मारकुटा पोरगा आहे. काल त्याने कुणालाच मारलं नाही – त्याला चांदणी! ही कधीच कुणाला मारत नाही. मग हिला कशाची द्यायची?
बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.

९ मार्च
सकाळी पोट दुखतं म्हणाली. दप्तर पलंगाखाली दडवलेलं. सून म्हणाली, "नाटकं आहेत सगळी." मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच लाडावून ठेवलीय." दोघं कामावर गेली. उरलो आम्ही दोघं.
"खरंच दुखतं का गं?"
"शाळा दिसली की दुखतं."
काय करणार? हात धरून नेली. फाटकातून आत ढकलली. परत येताना माझाच पाय उचलेना.

१० मार्च
बाईंना भेटलो. चांगल्या आहेत, दमलेल्या. म्हणाल्या, "आजोबा, गुणी आहे हो ती. पण माझ्यापुढे चाळीस डोकी. काही केलेलं दिसलं, तर देईन ना!"
दिसलं तर! वाहता नळ ही बंद करते. दुसऱ्यांच्या पडलेल्या बाटल्या उचलून ठेवते. मी फाटकातून बघतो ना रोज. पण माझ्या बघण्याला कोण विचारतो?
शनिवारी चांदणीवाल्या मुलांना मंचावर बोलावणार आहेत, आईबापांसमोर. बाकीच्यांनी खाली बसून टाळ्या वाजवायच्या.

११ मार्च
एक युक्ती केली. लिहायलाही लाज वाटते.
बाई फाटकाशी उभ्या होत्या. मी काठी पाडली. घुमी उचलणार, बाई बघणार – झालं काम! कसलं काय. सात-आठ पोरं धावली. घुमी मागेच राहिली. काठी त्या मारकुट्याच्या हाती लागली. त्याला आणखी एक चांदणी!

१२ मार्च
पुन्हा पाडली. अक्कल म्हणून नाही मला. आज पोरं वाटच बघत होती. "आजोबा, पाडा ना! पाडा ना!" एकाने तर हातातली ओढलीच. पडता पडता वाचलो. फाटकावरचा रखवालदार म्हणतो, "काका, काठी फार उनाड झालीय तुमची!"
घुमी हसली नाही. टक लावून माझ्याकडे बघत राहिली. 

१३ मार्च
आज नाही पाडली. दोन्ही हातांनी धरून ठेवली. पोरं हिरमुसली.
उद्या शनिवार. सून विचारत होती, "मग रजा टाकू की नको?" मी काठी कोपऱ्यात ठेवायला उठलो. घुमी दप्तर आवरत राहिली. देवा, निदान ताप तरी येऊ दे कुणाला तरी. मला आला तरी चालेल.

१४ मार्च
घुमीला चांदणी मिळाली! खरं बोलल्याबद्दल.
काल आपण होऊन बाईंकडे गेली म्हणे आणि म्हणाली, "माझे आजोबा काठी मुद्दाम पाडतात. पण त्यांना रागावू नका." बाईंनी मंचावरून हे सगळ्यांना ऐकवलं. सगळं सभागृह मागे वळून माझ्याकडे बघतंय!
सोमवारी फाटकाशी कोणत्या तोंडाने जाऊ? घुमीलाच विचारलं.
म्हणाली, "काठी घट्ट धरून."