नदी चढण्याआधीची वाटणी

मी, मातुमेलो लेहाना, वय वर्षे एकसष्ट, धंदा ज्वारीची बिअर गाळणे व अंगोरा शेळ्या पाळणे, राहणार हा-राफोलो, लेसोथोचा डोंगरी मुलूख, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि एक घोटही न घेता हे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसाजे. आमच्याकडे मुलगे डोंगरावर गुरे राखतात आणि मुली शाळेत जातात, म्हणून अक्षर माझे स्वतःचे आहे. पिट्सो गुरुजी शेजारी बसून कायदा सांगत आहेत. बिअर ते पीत आहेत.

मला काहीही झालेले नाही. मी लग्न करते आहे.

नवरदेव न्ताते खेथिसा (न्ताते म्हणजे आमच्यातले श्रीयुत), दरीपलीकडच्या हा-त्सिउ गावचे. त्यांच्या घरात काय शिजते ते मला इथून धुरावरून कळते, पण तिकडे जायचे तर घोड्यावरून खाली उतरा, नदी ओलांडा, पुन्हा चढा, आणि तोवर सकाळ संपलेली असते. खाली धरण बांधले आहे. येत्या पावसाळ्यात, म्हणजे आमच्याकडे ऑक्टोबरपासून, त्याचे दरवाजे बंद होतील, पाणी दरीत चढेल आणि आमची नदी ओलांडायची जागा बुडेल. ते पाणी शेजारच्या मोठ्या देशाला विकायचे आहे. मी अजून झऱ्यावरून डोक्यावर बादली आणते, पण ते असो. मुद्दा एवढाच की जे काही करायचे ते नदी उथळ आहे तोवर.

माझा मुलगा तुमेलो त्याच मोठ्या देशात खाणीत आहे. फोनला रेंज फक्त वरच्या खिंडीत मिळते, म्हणून तिथे थंडीत कुडकुडत मी त्याला बातमी दिली. तो म्हणाला, "आई, त्या म्हाताऱ्याला तू नकोयस, तुझ्या शेळ्या हव्यात."

तेव्हा मी ठरवले, सगळे वाटून टाकायचे. खेथिसाच्या दारात मी अंगावरच्या घोंगडीनिशी उभी राहीन, मग बघू कोणाला काय हवे होते. गुरुजी म्हणाले, मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते. मी म्हटले, लग्नाच्या दिवशी लेहानाची विधवा मेली असे धरा. त्यांनी पेला खाली ठेवून थोडा विचार केला आणि म्हणाले, "लिहा."

घर, म्हणजे दगडी भिंतीचे आणि गवताने शाकारलेले, तुमेलोला. मागची शेणींची रासही त्याचीच. इथे जाळायला झाड नाही, आणि त्याची बायको शेणी फार सढळ हाताने जाळते, हे तिने वाचावे म्हणूनच लिहिले आहे. शेत गावप्रमुखाने कसायला दिलेले आहे, माझे नाही, त्यामुळे त्यावर मी उदार होऊ शकत नाही.

शेळ्या मुलगी पुलेंगला. ती राजधानीत, मासेरूच्या कारखान्यात अमेरिकेतल्या लोकांच्या पँटी शिवते. आमच्या शेळ्यांची लोकरही दरवर्षी बोटीने कुठे कुठे जाते. एकदा तरी पुलेंगने स्वतःच्या शेळीची लोकर स्वतः अंगावर घालावी.

लेहानाची घोंगडी तुमेलोला. आमचा संसार लांबलचक झाला, पण त्यात लेहाना घरी असायचा नाताळात आणि ईस्टरला. बाकी वर्षभर तो खाणीत आणि मी शेतात. माणूस चांगला होता. खाणीने छाती खाल्ली तेव्हा कायमचा घरी आला, आणि तेवढे सहा महिने आम्ही खरे नवराबायको होतो. मी अजून त्याच्यासाठी रडते, हे तुमेलोला माहीत असावे.

नणंद माकोपानो हिने माझा बिअरचा मोठा रांजण उसना नेऊन चीर पाडून परत केला. तो चिरेसह तिला. शिवाय माझा पांढरा परकर. बर्फ वितळल्यावर एका सकाळी मी तो धुतला. कपड्यांची दोरी शेळीने खाल्ली होती, म्हणून बिअरच्या झेंड्याच्या काठीवरच वाळत घातला. पांढरे फडके वर गेले की बिअर तयार, हे दरीच्या दोन्ही अंगांना पाळण्यातल्या पोरालाही कळते. मलाच तेवढे सुचले नाही. दुपारपर्यंत अख्खे हा-त्सिउ माझ्या अंगणात, धापा टाकत, आणि घरात बिअरचा थेंब नाही. माकोपानोने सगळ्यांत आधी बोंब मारली. लोक शिव्या देत परत गेले. एक माणूस दगडावर बसून राहिला.

"बिअर नाही तर पाणी दे," खेथिसा म्हणाला. "एवढा उतरून चढून आलोय. आणि झेंडा कशाचा गं?"

"परकराचा."

"मग उद्याही लाव. मी येईन."

मी दुसऱ्या दिवशी लावला. कोरडा होता तरी लावला. तो आला. बाकी सगळ्यांना मी मातुमेलो, म्हणजे तुमेलोची आई; मला माझ्या माहेरच्या नावाने, न्थाती म्हणून, हाक मारणारा तो आता एकटाच उरला आहे, आणि तशी हाक आली की माझ्या गुडघ्यांचे दुखणे कुठे पळते कोण जाणे.

मला कोणत्या काठावर पुरायचे याची कोणी घाई करू नये.

आता शेवटचे कलम. आमच्या रीतीने नवरीसाठी नवऱ्याकडच्यांकडून गाई मागायला तिच्या घरचा पुरुष बसावा लागतो. माझ्या घरचा पुरुष म्हणजे तुमेलो. तो फोनवर म्हणाला, "स्वतःच्या आईसाठी गाई मागायला मी बसू? खाणीतली पोरं वर्षभर हसतील." आणि फोन ठेवला. तो बसला नाही तरी मी जाणार. पण मग हा-त्सिउत मी मागून नेलेली बायको नसेन, चालत आलेली बाई असेन, आणि मुलाने मला जा म्हटले नाही हे मला रोज टोचेल. त्याने बसावे. गाई दोन मिळोत नाहीतर दहा, त्याने येत्या शनिवारी, खेथिसाकडचे बोलणी करायला येतील तेव्हा, बसावे. गुरुजी म्हणतात, अशी इच्छा कायद्यात कुठे लिहायची ते त्यांना माहीत नाही. मी इथे लिहिली.

वरील मजकूर मी लिहिला, मीच मोठ्याने वाचला, आणि हसू येत होते तेवढे थांबून सही केली.

मातुमेलो लेहाना (सही)

साक्षीदार: १. पिट्सो मोहापी, शिक्षक (सही). २. मासेचाबा त्लाली, शेजारीण (सही, तिने पेला मागितला आहे).

ठिकाण: हा-राफोलो. तारीख: १४ ऑगस्ट २०२३.

ताजा कलम. हे मी तुमेलो लेहाना लिहितो. अक्षराला हसू नये, मी खाणीतल्या रात्रशाळेत शिकलो. घर माझ्या वाट्याला आहे म्हणून मला साक्षीदार होता येत नाही, तरी लिहितो. रजा टाकून आत्ताच पोचलो आणि घोड्यावरून उतरून आधी हे वाचले. शनिवारी मी बसणार. बाबांनी आईसाठी दिल्या त्याहून जास्त गाई मागणार, कारण तेव्हा तिला बिअर गाळता येत नव्हती. न्ताते खेथिसाने घासाघीस करायची तयारी ठेवावी आणि सोबत भावांना आणावे, एकट्याने त्याचा निभाव लागणार नाही. माझी आई मी स्वस्तात देणार नाही.