चौथी पायरी

राजापूर,
२ डिसेंबर २०२४

ती. दादास,
येसूचा शि. सा. न.
वि. वि. तुझं कार्ड मिळालं. मी फोन का करत नाही म्हणून विचारलंयस. करते की. पण तू नुसता हां हां म्हणतोस, आणि मी काय बोलले ते तुझ्याआधी सगळ्या वाडीला कळतं. विनोदने एवढं कानाचं यंत्र आणून दिलं, ते पेटीत ठेवायला नव्हे. ते कानात जाईपर्यंत आपल्या दोघांचा भार पोस्टमनवरच.

इकडे हे बरे आहेत. चालायला जातात आणि येताना भजी खाऊन येतात, म्हणजे हिशेब बरोबर होतो. माझे पाय संध्याकाळी सुजतात, पण आता पायाचा विषय निघालाच आहे तर तुझ्या पायाचं लिहिते.

गेल्या शिमग्यात मी पलीकडच्या धक्क्यावर उभी होते. देवीची पालखी खाडी ओलांडून आली, सगळ्यांत आधी तू निशाण घेऊन उतरलास आणि तुझा डावा पाय होडीच्या काठाला अडकला. तू सावरलास. लोकांनी ढोल वाजवले, देवीने सांभाळलं म्हणाले. मी पाहिलं ते असं की तुझा पाय उचललाच गेला नव्हता. वर आलास तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते आणि तू हसत होतास.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याने आधी उतरायचं, दोन्ही हातांत निशाण धरायचं आणि मानकऱ्याला कोणी हात द्यायचा नाही, हा नियम देवीने केलेला नसणार. आपल्या कुठल्यातरी पणजोबाने केला असेल, आणि तेव्हा तो तिशीत असेल. तुला सत्त्याहत्तरावं लागलं. या वर्षी निशाण विनोदच्या हातात दे. तुझा मुलगाच आहे, परका नाही. पंचेचाळिशीचा आहे, पाय धड आहेत.

रागावशील हे माहीत आहे. रागावून झाल्यावर उत्तर पाठव आणि माया होती तेवढी राहू दे.

तुझी,
येसू


खारशेत,
१३ डिसेंबर २०२४

चि. सौ. येसूस,
अनेक आशीर्वाद.
वि. वि. पत्र पावलं. तुझी नजर लहानपणापासून दुसऱ्याच्या पायांवर. स्वतःचे सुजलेत तिकडे बघ.

एकतीस शिमगे मी निशाण घेऊन उतरलो. होडीतून उतरणं हे पायांचं काम नाही, थांबण्याचं काम आहे. लाट होडीला वर उचलते तेव्हा पाय टाकायचा, खाली नेते तेव्हा नाही. धक्क्याची पायरी ओली असेल तर टाच आधी लावायची नाही. आणि होडी न् धक्का यांच्यामध्ये हात कधी घालायचा नाही. होडी आपटली तर आपटू दे, लाकूड दुरुस्त होतं. हे बाबांनी मला बाराव्या वर्षी कानफटात देऊन शिकवलं. तू तिथेच उभी होतीस, तुलाही पाठ असेल.

विनोदला यातलं काय येतं? सोळाव्या वर्षी डोंबिवलीला गेला. एसी दुरुस्त करतो, हातात कसब आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण होडीत बसला की पाण्याकडे बघत नाही, मोबाईलकडे बघतो. भरती-ओहोटीची वेळसुद्धा त्यातच बघून मला सांगतो. मला.

मुलगी म्हणून तुला निशाणाला हात लावू दिला नाही, त्याचा राग माझ्या गुडघ्यावर काढू नकोस. मी आहे तोवर मान माझा. नंतर तुम्ही काय ते करा.

काजूगर वाळवून ठेवलेत, कोणी येणारं असलं तर पाठवीन. जावईबापूंना नमस्कार. मोठ्या भावाचा राग पोटात घालून घेणे.

आत्माराम


राजापूर,
१८ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न.
वि. वि. निशाणाला हात लावू दिला नाही याचा राग आहेच. आपल्या दोघांत वल्हं माझं चांगलं होतं, हे बाबाच म्हणायचे. पण सत्तरीला आल्यावर तेवढ्या रागासाठी कोणी पत्रं लिहीत बसत नाही. मला भाऊ हवा आहे, म्हणून लिहिते.

तरीची होडी चालवणारा केरू परवा इकडे बाजारात भेटला. त्याने आपण होऊन सांगितलं, मी विचारलं नव्हतं. तू हल्ली बाजाराला जाताना होडी लागली की आधी काठावर बसतोस म्हणे, पाय धक्क्यावर सोडतोस, आणि मग केरूचा खांदा धरून उठतोस. पिशवी आधी वर ठेवतोस, हात मोकळे ठेवतोस. ऐकून इतकं बरं वाटलं, आणि इतका राग आला. म्हणजे तुला सगळं कळलंय. बारा महिने तू शहाण्या म्हाताऱ्यासारखा उतरतोस, आणि वर्षातून एकदा, चार माणसं बघायला जमली की, मरायला उभा राहतोस.

तू ऐकणार नसलास तर मला दुसरं काही करावं लागेल. मग माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर, पण दोन पायांवर उभा राहून बोलू नकोस.

तिळगूळ घातला आहे, त्याबरोबर यायचं तेवढं गोड मनात येऊ दे.

येसू


खारशेत,
१४ फेब्रुवारी २०२५

येसूस,
आशीर्वाद.
काल गावकीची बैठक झाली. शिमग्याची कामं वाटायला बसलो होतो. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि तुझं पत्र वाचलं. मोठ्याने वाचलं, मला ऐकू यावं म्हणून. ऐकू आलं. भावाच्या गुडघ्यात दम राहिला नाही, तो काठावर बसून आणि दुसऱ्याचा खांदा धरून उतरतो, तरी गावाने त्याच्या जिवाची काळजी घ्यावी. शेवटी तुझी सही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं खाली बसलेल्या म्हाताऱ्या बैलाकडे बघतात. मग कोणीतरी म्हणालं की आत्मारामदादांनी गावाला पुष्कळ दिलं, आता विनोदने पुढे व्हावं, आणि दादांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. टाळ्या वाजल्या. माझ्या मानाचं तेरावं माझ्यासमोर घातलंत.

माझ्या घरची गोष्ट तू गावात नेलीस. बाहेर दिलेल्या मुलीने. शिमग्याला येऊ नकोस. आलीस तरी मला भेटू नकोस.

आत्माराम


राजापूर,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न.
वि. वि. पत्र मी लिहिलं. ते वाचून दाखवतील असं वाटलं नव्हतं, पण वाटलं असतं तरी लिहिलं असतं. तू जिवंत राहून माझ्यावर रागावलेला मला चालेल. येणार नाही मी, तुझं म्हणणं पाळते.

एकच मागते. विनोद आठ दिवस आधी येईल. त्याला पलीकडे ने. पायऱ्या दाखव. पाय कधी टाकायचा, हात कुठे ठेवायचा, मला पाठ आहे ते सगळं त्याला सांग. फोनवर मी सांगितलं असतं, पण ते तुझ्या तोंडून जायला हवं. निशाण तुझ्या हातातून त्याच्या हातात जाऊ दे, गावकीच्या हातातून नको.

आशीर्वाद नकोत तर नकोत, एवढं कर.

येसू


खारशेत,
२७ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
विनोदचा सा. न. वि. वि.
अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. डॉक्टर म्हणाले रोज पानभर लिहीत जा. कोणाला लिहू असा विचार केला तर तूच आठवलीस. तुझी पत्रं बाबांच्या पेटीत एकावर एक रचून ठेवलेली असतात, तसं एखादं माझंही तुझ्याकडे असावं.

जखम भरत आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं ते गेलं. अंगठा आणि दोन बोटं आहेत. पाना धरायला जोर लागतो, तो येईल की नाही ते पावसाळ्यानंतर कळेल. डोंबिवलीच्या दुकानात तोवर दुसरा माणूस ठेवलाय. दर मंगळवारी तरीने पलीकडे जाऊन एसटीने रत्नागिरीला पट्टी बदलायला जातो. बाबा बरोबर येतात. नको म्हटलं तरी येतात.

फोनवर तुला नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितो. त्या दिवशी निघायलाच उशीर झाला. बाबांचा सत्कार, मग फोटो, मग मुंबईकर मंडळाचं ड्रोन उडेना. भरती एकला होती, आम्ही चारनंतर सुटलो. पाणी उतरलं होतं, त्यामुळे होडी खालच्या पायऱ्यांना लागली. मी खालून चौथ्या पायरीवर पाय ठेवला. तिची कड तुटलेली होती, वर शेवाळ. गुडघ्यावर आलो. निशाण डाव्या हाताने वर धरलं, पाण्याला लागू दिलं नाही. होडी अंगावर येत होती, तिला थोपवायला उजवा हात पुढे केला. एवढंच झालं.

लोक क्षणभर थांबले होते, आत्या. मानकऱ्याला हात द्यायचा नसतो ना. मग केरूने उडी टाकली.

बाबा या विषयावर बोलत नाहीत. निशाण पाण्याला लागलं नाही हे मी त्यांना तीनदा सांगितलं. ते उठून बाहेर जातात. तू एकदा लिहून बघ त्यांना. बाकी सगळे खुशाल, तुझी काळजी घे आणि भाच्याची आठवण ठेव.

विनोद


राजापूर,
४ मे २०२५

ती. दादास,
शि. सा. न.
वि. वि. विनोदचं पत्र आलं. चार दिवस मी ते उशाशी ठेवलं होतं.

मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. तू दर आठवड्याला बाजाराला जातोस. त्या धक्क्यावर उतरतोस. ती पायरी शिमग्याला तुटली की आधी? आणि मी मागितलं होतं तसं तू विनोदला पलीकडे नेलं होतंस का?

माझा दोष मला कळतो. गावकीला पत्र मी लिहिलं, त्याला त्या होडीत मी उभं केलं. हे मी त्याला फोन करून सांगितलं आहे. आता तुझं जे काही असेल ते तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी विचारणार नाही पुन्हा, पण पत्रही लिहिणार नाही.

येसू


खारशेत,
५ जून २०२५

चि. सौ. येसूस,
अनेक आशीर्वाद.
वि. वि. उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली.

पायरी मकरसंक्रांतीच्या आधीच तुटली होती. मी पाहिली होती. केरूला म्हणालोही होतो की सुकतीला, पाणी उतरलं की, इथे सांभाळून लाव. विनोदला पलीकडे नेलं नाही. आठ दिवस तो घरात होता. रोज वाटायचं त्याने विचारावं. गावकीने मान दिला आहे तर गावकीनेच शिकवावं, असंही वाटायचं.

त्या दिवशी सत्कार झाल्यावर तो निशाण घेण्याआधी माझ्या पाया पडायला आला. वाकून म्हणाला की बाबा, उतरताना काही सांभाळायचं असलं तर सांगा. मी कानाला हात लावला आणि ऐकू येत नाही अशी मान हलवली. तो हसला, माझा खांदा थोपटला आणि गेला. येसू, यंत्र त्या दिवशी माझ्या कानात होतं. सत्काराची भाषणं ऐकायची होती म्हणून सकाळीच घातलं होतं.

मग शाल अंगावर घेऊन मी आपल्या धक्क्यावर बसलो. पाणी उतरत होतं. पलीकडची चौथी पायरी उघडी पडली असेल हे मला इथून न बघता कळत होतं. होडी सुटायला अजून अर्धा तास होता. उठून दहा पावलं गेलो असतो तरी झालं असतं. तो पडावा असं माझ्या मनात नव्हतं, असं लिहून ते पत्र फाडलं. जरा अडखळावा, चार लोकांना दिसावं, एवढं मनात होतं. तेवढंच होतं. तेवढ्याला दोन बोटं गेली.

तू सांग म्हणालीस. तीन आठवड्यांमागे, मंगळवारी, खाडीच्या मध्यावर मी त्याला सांगितलं. केरू वल्हं मारत होता, त्याच्या देखत सांगितलं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. पायरीचं सांगितलं, यंत्राचंही सांगितलं. त्याने मोबाईल काढला नाही, पाण्याकडे बघत राहिला. परवाचा मंगळवारही तसाच गेला. घरात जेवायला वाढलं तर जेवतो, विचारलं तर हो-नाही म्हणतो, त्यापलीकडे बोलत नाही.

होडी लागली की मात्र तो आधी उतरतो. आता त्याला जमतं, लाट वर येईपर्यंत थांबतो, केरूने शिकवलंय. मग डाव्या हाताने धक्क्यावरचा दोर घट्ट धरतो, कारण जोर त्याच हातात आहे, आणि दुसरा माझ्यापुढे करतो. माझ्याकडे बघत नाही. पहिल्या वेळी मी काठावर बसून राहिलो. केरूचा खांदा होता जवळ. पण विनोद हात मागे घेईना. तसाच उभा राहिला, होडी दोनदा वर आली, दोनदा खाली गेली. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा मी तो धरला.

आता दर मंगळवारी तसाच उतरतो. नव्या कातडीला दुखू नये म्हणून हळू धरायला जातो, तर तोच घट्ट धरतो.

माया ठेव असं लिहायचा हक्क मला उरलेला नाही. पत्र मात्र पाठवत जा.

आत्माराम